घरात राहिलेले मूल

चिंचवड गावातील चापेकर वाड्यावरून जाताना १८९७ साल आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेब आला, घरोघर झडत्या झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते शाळकरी पोरासही ठाऊक आहे. आम्हा बायकांच्या मनात मात्र त्या हकिकतीची निराळीच बाजू घोळते. रोग्यास इस्पितळात नेत आणि घरच्या माणसांना छावणीत ठेवीत. माणसाने कोठे राहावे एवढे सरकारने ठरविले. तेथे चार वर्षांच्या पोराने दिवसभर करावे काय, हा प्रश्न कायद्याचा नव्हे, तो आईचा.

पुढे औषधे आली. १९५४ साली आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या काळी लहान मुलांना सांधेतापाचे भय फार. घसा दुखण्याचे निमित्त होई, मग सांधे सुजत, आणि कित्येकदा हृदयाच्या झडपांवर घाला पडे. पेनिसिलीनने घशातले जंतू मरतात, आणि ठरावीक मुदतीने टोचत राहिले तर दुखणे उलटत नाही. पण बिघडलेली झडप त्याने दुरुस्त होत नाही. म्हणून अशा मुलास आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, अंथरुणात निजवून ठेवण्याची त्या काळी रीत होती. ताप उतरलेल्या, भूक लागलेल्या, हातपाय वळवळणाऱ्या मुलाला निजवून ठेवणे काय असते, ते ज्या माउलीने केले तिलाच विचारावे! कोणती दुपार कशी काढावी हे औषधाच्या बाटलीवर छापलेले नसते.

या प्रश्नाकडे लक्ष कोणाचे गेले? बहुधा स्त्रियांचेच. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगो येथे एलेनॉर ॲबट नावाची शिक्षिका पोलिओने आजारी पडून इस्पितळात होती. भोवतालच्या मुलांसाठी तिने पटावरचा एक खेळ रचला. तो ‘कँडी लँड’ या नावाने १९४९ साली बाजारात आला. त्यात वाचायचे नाही, मोजायचे नाही. पानावर जो रंग निघेल त्या रंगाच्या घरावर सोंगटी न्यायची, इतकेच. आपल्या सापशिडीलाही आकडे मोजता यावे लागतात. येथे चार वर्षांचे आजारी मूल आणि धडधाकट मोठे माणूस अगदी बरोबरीने खेळतात, आणि मूल खरोखरीच जिंकते. मोठ्यांनी मुद्दाम हरून दिलेला डाव मुलांना ओळखू येतो.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याहून मोलाचे काम केले. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, आणि तोही मोरगावचा, जेथे आपल्या चिंचवडची पालखी जाते. बालपणी लग्न, लगेच वैधव्य, पुढे शिक्षण, आणि १९४५ साली बोर्डीस ताराबाईंकडे. मॉन्टेसोरीबाईंची महागडी साधने खेड्यात कोण घेणार? या दोघींनी शिंपले, खडे, पाने, बिया यांचीच साधने केली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात जावे, हा त्यांचा आग्रह. घराबाहेर पडूच न शकणाऱ्या मुलाला याहून जवळचा विचार कोणता?

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. परंतु या खेपेस एक गोष्ट उलटी होती. प्लेगात रोग्यापासून जगाला जपायचे होते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चाललेल्या मुलाला मात्र जगापासून जपायचे. वडील चाकणहून पाळी संपवून आले की आधी न्हाणीघर, मग मूल. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. घरातल्याच वस्तू घेऊन करण्याच्या कृती तीत असत, आणि ती पुष्कळ घरांना उपयोगी पडली. शाळा उघडल्या, टाळेबंदी उठली, बारा वर्षांवरील मुलांना २०२२ च्या मार्चपासून लसही मिळू लागली. पण औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या लहानग्याच्या दाराची कडी सरकारी हुकमाने निघत नाही. ती रक्ताच्या तपासणीवर ठरते. साथ नसतानाही अशी घरे असतात, आजही आहेत.

येथे कोसबाडची साधने जशीच्या तशी चालत नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. अशा मुलाला माती, कुंडी, ओला पाला वर्ज्य. मऊ कापडी बाहुली चालते, पण ती वरचेवर धुता यावी. खडे-शिंपले साबणाने धुऊन वाळवावे, आणि तोंडात जातील इतके बारीक नसावे. अनुताईंचे मर्म वस्तूत नव्हतेच. मुलाच्या हाताला खरे काम हवे, हे ते मर्म. वाटाणे सोलणे, चमचे मापाप्रमाणे लावणे, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या जुळविणे. हे काम आईला खरोखर उपयोगी पडले पाहिजे. नुसते गुंतवून ठेवलेले मूल तासाभरात कंटाळते. आणि दूरदर्शनसंच दिवसभर लावून ठेवण्याची मोह पडण्यासारखी सोय आम्हीही केली नाही असे नाही.

सवंगड्याची उणीव मात्र आईने भरून निघत नाही. त्यासाठी आपला जुना अष्टाचंग चांगला. पंचवीस घरांचा पट खडूने फरशीवर आखता येतो, चार कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके पुरतात, आणि चिंचवडास चिंचोक्यांची वाण ती काय! समोरच्या गॅलरीतल्या मुलाने आपल्या घरी तसाच पट मांडावा. दोघांनी आपापले दान टाकावे, ओरडून सांगावे, आणि दोन्ही पटांवर दोघांच्याही सोंगट्या हलवाव्या. लबाडी होते, भांडण होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक येते.