सराव फिशिंग ईमेलना फिल्टरमधून सूट : कारणे, पद्धत आणि दक्षता

फसव्या ईमेलला कर्मचारी बळी पडतात का, हे पडताळण्यासाठी अनेक कंपन्या आणि बँका स्वतःच कर्मचाऱ्यांना बनावट फिशिंग ईमेल पाठवतात. हा ईमेल खऱ्या हल्ल्यासारखाच रचलेला असल्याने कंपनीचा सुरक्षा फिल्टर तो वाटेतच अडवतो. त्यामुळे सरावापुरती फिल्टरमध्ये सूट द्यावी लागते. मात्र ही सूट गरजेपेक्षा व्यापक ठेवल्यास तिचा लाभ खऱ्या हल्लेखोरांनाही मिळू शकतो.

सूट कशासाठी?

सूट न दिल्यास काही ईमेल स्पॅममध्ये जातात, तर काही कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा सरावातून कर्मचाऱ्यांची नव्हे, तर फिल्टरचीच परीक्षा होते. शिवाय, अनेक फिल्टर ईमेलमधील लिंक तपासणीसाठी स्वतः उघडून पाहतात. सराव घेणाऱ्या यंत्रणेत त्याची नोंद कर्मचाऱ्याने केलेले क्लिक म्हणून होते आणि ईमेल न उघडलेला कर्मचारीही अनुत्तीर्ण ठरतो.

सूट कशी द्यावी?

केवळ प्रेषकाचे डोमेन अनुमत यादीत टाकणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ईमेलवर दिसणारे प्रेषकाचे नाव सहज बनावट करता येते. त्यामुळे ज्या सर्व्हरवरून सरावाचे ईमेल येणार आहेत, त्याचा आयपी पत्ता आणि पाठवणारे डोमेन या दोहोंची सांगड घालून सूट देणे अधिक सुरक्षित ठरते. तो आयपी पत्ता सेवा पुरवठादाराच्या अन्य ग्राहकांसाठीही वापरला जातो का, हेही आधी विचारून घ्यावे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये निश्चित फिशिंग ठरवलेला ईमेल, प्रेषक अनुमत यादीत असला तरी, विलग ठेवला जातो. सरावासाठी तेथे ‘ॲडव्हान्स्ड डिलिव्हरी’ ही स्वतंत्र तरतूद असून तिच्यात डोमेन आणि आयपी पत्ता दोन्ही जुळावे लागतात. सरावातील लिंकचीही तेथे नोंद करता येते. गुगल वर्कस्पेसमध्ये प्रशासकाला आयपी पत्त्यांची अनुमत यादी ठेवता येते.

ईमेल सर्व्हरच्या पुढे दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसवलेला असल्यास सूट दोन्ही ठिकाणी द्यावी लागते. अशा रचनेत आतल्या सर्व्हरला मूळ प्रेषकाऐवजी पुढच्या फिल्टरचाच आयपी पत्ता दिसू शकतो. तोच पत्ता अनुमत यादीत टाकल्यास बाहेरून येणारा प्रत्येक ईमेल आतल्या तपासणीतून सुटण्याचा धोका असतो.

भारतातील नियम

देशातील सायबर सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, ठरावीक सायबर घटनांची माहिती निदर्शनास आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. या घटनांच्या यादीत फिशिंगचाही समावेश आहे. त्यामुळे सरावाची वेळ, मजकूर आणि आयपी पत्ता सुरक्षा पथकातील जबाबदार अधिकाऱ्यांना आधीच ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. अन्यथा सरावालाच हल्ला समजले जाण्याची किंवा, त्याहून गंभीर म्हणजे, खऱ्या हल्ल्याकडे सराव समजून दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

मजकुराबाबत तारतम्य

फिल्टरने अडवला नाही म्हणून कोणताही मजकूर योग्य ठरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील गोडॅडी कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या बोनसचे आमिष दाखवणारा सराव ईमेल पाठवला होता. महासाथीच्या काळातील या प्रकारावर टीका झाल्यानंतर कंपनीला माफी मागावी लागली.

स्वित्झर्लंडमधील ईटीएच झ्युरिक या संस्थेच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा १५ महिने अभ्यास केला. लिंकवर क्लिक केल्यावर लगेच दाखवल्या जाणाऱ्या प्रशिक्षण पानामुळे कर्मचारी अधिक सावध झाल्याचे त्यात आढळले नाही. याउलट, संशयास्पद ईमेल कळवण्याची सोय दिल्यास कर्मचारी नवे हल्ले ओळखण्यास प्रभावी साहाय्य करतात, असे दिसून आले. म्हणून किती जणांनी क्लिक केले यासोबतच किती जणांनी आणि किती लवकर कळवले, याचीही नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

सराव संपताच दिलेली सूट काढून टाकावी आणि अनुमत यादीचा वेळोवेळी आढावा घ्यावा. जुन्या पुरवठादाराचा विसरलेला आयपी पत्ता पुढे अन्य कोणाच्या हाती गेल्यास तीच नोंद हल्लेखोरासाठी उघडे दार ठरू शकते.