बत्तीस बोअर आणि आकडीतला कोयता

रानात महिनोन्‌महिने काढायचे आणि कमरेला एकच पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर लावायचं, तर कोणतं? परदेशातले बंदूकशौकीन या प्रश्नावर रात्री जागवतात. आपल्याकडे वाद लवकर मिटतो, कारण निवड बरीचशी सरकारनेच करून ठेवली आहे. ती कशी झाली, हे कल्याणहून कर्जत गाडीत बसलं की उलगडत जातं.

आधी उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये गावाला नवं नाव मिळालं, तरी पत्ता आजही 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याचं ठरलेलं हत्यार म्हणजे वेब्ली किंवा एनफील्डचं रिव्हॉल्व्हर. वेब्ली १८८७ मध्ये फौजेत आलं, ४५५ बोअरचं. १९३२ मध्ये एनफील्डबरोबर हलकं ३८ बोअर रुजू झालं. बिजागरीवर मधोमध दुमडलं की रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर पडत. एखादी गोळी नाही उडाली, तर पुन्हा घोडा ओढायचा. पुढच्या काडतुसाचं घर फिरून समोर येतं. रानातल्या एकट्या माणसाला आणखी काय हवं?

पण ३८ आणि ४५५ ही फौजेची, पोलिसांची मापं, म्हणून खाजगी माणसाला बंद. शस्त्रागारातून पळवलेलं काडतूस कुणाच्या घरातल्या हत्यारात बसता कामा नये, हा त्यामागचा हिशेब. परवानेवाल्याच्या वाट्याला उरलं ३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीचाच साचा धरून सहा घरांचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. साचा रणांगणावरचा, काडतूस मात्र १८९६ चं, मवाळ अमेरिकन. गोळी जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम शिशाची. चवताळलेल्या रानडुकरासमोर ते घेऊन उभं राहायचा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

पुढचं स्टेशन अंबरनाथ. इथली आयुध निर्माणी, जी २०२१ पासून 'यंत्र इंडिया' या सरकारी कंपनीत गेली, ती काडतुसांचं पितळ ओतते. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. बार उडताच पुंगळी फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते, जळता वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसून सैल होते. त्यामुळेच ती सहज निघते. ती अडकली, तर भरवशाच्या रिव्हॉल्व्हरचंही फक्त जड लोखंड उरतं. हत्यारांच्या गप्पांत पितळाचं नाव कुणी घेत नाही, हे मला नेहमी खटकतं.

बदलापूरला मात्र रान खरोखरच जवळ येतं. बारवी धरणाकडच्या वाड्यांवरचा ठाकूर किंवा कातकरी घरातून निघतो तो कमरेमागे आकडी बांधून, आणि आकडीत कोयता अडकवून. कारवी तोडायची, सरपण फोडायचं, वाट काढायची, मेखा तासायच्या, सगळं त्या एका वाकड्या पात्यावर. काताचा खैर तोडायलाही तोच होता, पण १८७८ च्या जंगल कायद्याने खैरावर सरकारी हक्क आला. त्याच वर्षी, त्याच व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदाही आला. एकाने रान घेतलं, दुसऱ्याने बंदूक.

कोयता वाचला. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही घरकामाची आणि शेतीची अवजारं 'शस्त्र' या शब्दातून वगळलेली आहेत. रिव्हॉल्व्हरला परवाना, काडतुसांना मोजदाद, आणि २०१९ पासून माणशी दोनच हत्यारांची मर्यादा. कोयत्याला मात्र फक्त लोहार लागतो. पातं झिजलं की तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत घालतो.