हाडांचा आजार, लघवीची साक्ष

आजार एका जागी आणि त्याची खूण भलत्याच जागी, असं झालं तर आजाराचा पत्ता कुठला लिहायचा? शरीरात दुसरीकडे असलेला कॅन्सर मूत्रपिंडं कशी बिघडवतो, हा आजचा विषय. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, डॉक्टर नव्हे. पण कार्यकारणाचा प्रश्न आला की आम्हाला राहवत नाही.

1845 साली लंडनमध्ये 45 वर्षांचा एक व्यापारी हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. अंगावर सूज दिसली म्हणून डॉक्टर विल्यम मॅकिंटायर यांनी त्याची लघवी तपासली. तिच्यातलं प्रथिन चमत्कारिक निघालं. अंड्याचं पांढरं एकदा शिजलं की पुन्हा पातळ होत नाही. इथे मात्र कोमट असताना साका धरायचा, उकळी आली की विरघळायचा आणि निवल्यावर परत धरायचा! नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांकडे गेला. हाडं मऊ पडणाऱ्या रोग्यांत हे प्रथिन पुन्हा शोधा, असं त्यांनी लिहून ठेवलं. नाव त्यांचंच लागलं. मॅकिंटायर बिचारे मागे राहिले.

1846 च्या पहिल्याच दिवशी रोगी गेला. शवविच्छेदनात हाडं ठिसूळ निघाली, मूत्रपिंडं मात्र धडधाकट दिसली. म्हणजे साक्षीदार वेगळा आणि गुन्ह्याची जागा वेगळी! पण नुसत्या डोळ्यांना दिसलं तेवढंच खरं मानायचं का?

उलगडा व्हायला शंभरावर वर्षं लागली. 1962 मध्ये एडेलमन आणि गॅली यांनी दाखवलं की हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचा एक सुटा तुकडा, त्याची हलकी साखळी. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी, म्हणजेच मायलोमा, असे तुकडे बेसुमार तयार करतात. ते मूत्रपिंडातून गाळले जातात आणि तिथल्याच एका प्रथिनाशी मिळून बारीक नलिकांत घट्ट बुचं तयार होतात. अशा रीतीनं साक्षीदारच पुढे बळी ठरतो.

यातली व्यवहाराची बाब अशी. लघवीत बुडवायची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. हे प्रथिन तिला बहुधा दिसतच नाही. उतारवयात पाठ सतत दुखते आहे, रक्त कमी आहे, क्रिएटिनिन वाढलंय आणि पट्टी मात्र स्वच्छ, असं असेल तर डॉक्टर रक्तातल्या आणि लघवीतल्या या तुकड्यांची वेगळी तपासणी करायला सांगतात. ती टाळू नये. वेळेवर उपचार मिळाले तर मूत्रपिंडं काही अंशी सावरू शकतात.