कंप पावणारा स्वर आणि कानाचा निवाडा

पाश्चात्त्य गायनात आणि व्हायोलिनवादनात लांबवलेला स्वर बहुधा एका जागी स्थिर राहत नाही. तो मूळ जागेच्या वर-खाली नियमितपणे हेलकावत असतो. यालाच व्हायब्रॅटो अथवा स्वरकंप म्हणतात. प्रशिक्षित गायकाच्या आवाजात असे हेलकावे सेकंदाला साधारणतः ५ ते ७ असतात. त्यांची एकूण रुंदी षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यातील अंतराएवढी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या आसपास असू शकते. ४४० हर्ट्झचा स्वर अशा वेळी सुमारे ४२७ ते ४५३ हर्ट्झ या कक्षेत फिरतो. श्रोत्याला मात्र एकच स्वर ऐकू येतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. हेलकाव्याची रुंदी प्रत्यक्षात असते त्याहून कानाला बरीच कमी भासते, असे त्यांना आढळले. उरलेली हालचाल स्वराचा भरीवपणा म्हणून जाणवते.

मग ऐकू येणाऱ्या स्वराची नेमकी जागा कोणती? शॉनली आणि होरान यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ती कक्षेच्या टोकांवर नसून मध्याजवळ असते. व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कान वरचे टोकच धरतो, म्हणून बोट मूळ स्वराच्या खालीच हलवावे, असे काही शिक्षक सांगतात. कान मध्य धरत असेल, तर असा स्वर किंचित उतरलेला वाटेल.

या नियमाला मर्यादाही आहेत. स्वर अत्यल्प काळच टिकला, तर पूर्ण सरासरी निघत नाही आणि त्याच्या अखेरच्या भागाचा प्रभाव अधिक पडतो. हेलकावा संथ आणि रुंद झाला, तर स्वर डळमळीत वाटतो. दरबारी कानड्यातील कोमल गंधाराचे आंदोलन याहून वेगळे आहे. तेथे गती हेतुतः संथ ठेवलेली असते आणि श्रोत्याने स्वराची हालचालच ऐकावी, अशी अपेक्षा असते.

मांडोच्या साथीचे व्हायोलिन आणि ख्यालाची मैफल अशा दोन्हींचा आस्वाद घेणाऱ्या गोमंतकीय रसिकाने हा भेद ध्यानात घेणे इष्ट. स्वर हलतो एवढ्यावरून तो बेसूर ठरत नाही; हेलकाव्याची गती, रुंदी आणि मध्य यांवर तो निवाडा अवलंबून असतो.