कुर्डुवाडीच्या फलाटावरून

कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहिले, की एकेकाळी दोन आकारांच्या गाड्या नजरेस पडत. एकीकडे मुंबई-मद्रास मार्गावरची रुंद गाडी धडधडत येई. दुसरीकडे अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी तिच्या उतारूंची वाट पाहत उभी असे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने १८९७ साली ही रेल्वे येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. हलके रूळ टिकावेत म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. इंजिनाचे वजन अनेक चाकांवर सारखे वाटले गेले आणि लहान गाडी मोठा माल ओढू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. वारकरी मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसत.

१९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद होऊ लागले आणि गाडी बदलण्याचा त्रास संपला. सोय झाली, हे खरेच. तथापि दुष्काळी मुलुखाला शंभर वर्षे जगाशी जोडले, ते भार वाटून घेणाऱ्या त्या लहानग्या गाडीनेच.