थरथरणारी अक्षरं

भयपटाची टायटल्स करायची म्हटलं की आजची पोरं आधी रक्त ठिबकणारा फॉन्ट शोधतात. आमच्या काळी फॉन्ट म्हणजे आपला हात. काळा कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर, बारीक ब्रश आणि वर टांगलेला कॅमेरा. काळ्या भागातून फिल्मवर प्रकाश उमटत नाही, म्हणून तेच रीळ पुन्हा फिरवून अंधाऱ्या वाड्याच्या दृश्यावर अक्षरं चढवता येत.

भीती आणायची युक्ती साधी होती. एकच नाव तीन कार्डांवर लिहायचं. हात कितीही सरावलेला असला तरी शिरोरेघ जराशी हलतेच. सेकंदाला 24 फ्रेम्स. दर दोन फ्रेमला कार्ड बदललं की पडद्यावर नाव थरथरायचं.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर 1960मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली ती प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत. त्याच आवारात 1934 साली ‘अमृतमंथन’ हा चित्रपट घडला. त्यातल्या राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहनच्या, डोळ्याचा क्लोजअप पाहून आम्ही एक धडा घेतला: भीतीला सजावट लागत नाही, जवळून पाहणं लागतं. म्हणून रक्ताचे ओघळ बाद. दिग्दर्शकाचं नाव मात्र स्थिर ठेवायचो. तेवढं तरी घरच्यांना वाचता यायला हवं!