दप्तरी दाखल

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, चूक दिसली तर कळवावी, जमलं तर दुरुस्तीही पाठवावी. कल्पना सुंदर आहे. पण आलेलं सगळं वाचायचं कोणी?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स सुरू केलं. लोक ईमेलने दुरुस्त्या पाठवत आणि तो त्या पाहून स्वतः जोडून घेई. १९९८ पर्यंत ढीग इतका वाढला की कित्येक दुरुस्त्या उत्तराविना राहू लागल्या. पाठवणारे चिडले. माणूस एकटा, हात दोनच! पुढे २००५ मध्ये त्याने 'गिट' लिहिलं. जोडाजोड सोपी झाली, पण निर्णयाचं ओझं माणसावरच राहिलं.

डेबियन प्रकल्पात मात्र १९९४ मध्येच इयन जॅक्सनने एक यंत्रणा लिहिली होती. तक्रारीचं ईमेल आलं की ती त्याला क्रमांक देई, पाठवणाऱ्याला पोच देई आणि तक्रार संबंधित माणसाकडे धाडी. थोडक्यात, आवक-जावक कारकून!

२०१३ मध्ये 'रस्ट' या भाषेसाठी ग्रेडन होअरने 'बॉर्स' बनवला. माणसाने दुरुस्ती वाचून होकार दिला की बॉर्स ती ताज्या कोडशी जोडून सगळ्या चाचण्या घेई. पास झाली तरच मुख्य कोडमध्ये प्रवेश. वशिला चालत नसे.

इथवर मला यंत्राचं कौतुकच वाटतं. पुढे गिटहबवर 'स्टेल' नावाचा बॉट आला. त्याचा मूळ हिशेब असा: तक्रारीवर ६० दिवस हालचाल नाही, तर 'शिळी' असा शिक्का, आणखी ७ दिवस शांतता, की बंद. गंमत अशी की चूक जिथल्या तिथेच असू शकते! आपल्या कचेऱ्यांत अर्ज 'दप्तरी दाखल' होतो ना, तसंच हे.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांचीही बाजू आहे. बरेच जण बिनपगारी, नोकरी सांभाळून हे करतात. हजार उघड्या तक्रारी रोज पाहून उत्साह टिकायचा कसा? आवराआवर हवीच.

पण पोच देणं, चाचणी घेणं ही कारकुनी. 'तुमचं म्हणणं आता संपलं' हा निकाल. कारकुनी यंत्राला खुशाल द्यावी. निकाल मात्र कोणीतरी वाचून द्यावा, अगदी 'वेळ नाही हो' एवढाच असला तरी. वेळ काढून चूक कळवणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं?